पाटकऱ्याच्या हातचं पाणी: समांतर आणि वितरित प्रोग्रामसाठी ऑब्जेक्टची मांडणी

जळगाव जिल्ह्यातल्या एका जिनिंगसाठी मी पावत्यांचा प्रोग्राम लिहिला होता. दिवाळीनंतरचे दिवस, फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. वजनकाटा एकच होता तोवर सगळं बरोबर चाललं: भरलेल्या ट्रॉलीचं वजन, रिकाम्या ट्रॉलीचं वजन, निव्वळ कापूस, भाव, पावती. मग गर्दी आवरेना म्हणून मालकांनी दुसरा काटा बसवला आणि मी प्रोग्रामला दुसरा थ्रेड, म्हणजे पहिल्याच्या बरोबरीने चालणारी कामाची दुसरी धार, जोडला. आठवड्याभरात मुनीमजींचा फोन आला. "भो, पावत्या हाताने जोडल्या तर बेरीज वेगळी येते. तुझा कॉम्प्युटर कमी दाखवतो." तेही रोज नाही. दोन-तीन दिवसांतून एखाद्या वेळी, एका ट्रॉलीएवढं वजन गायब.

ओळ सापडली ती ही: एकूण = एकूण + वजन. दिसायला एक काम, पण मशीन त्यात तीन कामं करतं. जुना आकडा वाचतं, बेरीज करतं, नवा आकडा लिहितं. समजा एकूण ४,२१० किलो आहे. पहिल्या काट्यावर १,८५० किलोची ट्रॉली आली, त्याच वेळी दुसऱ्यावर २,३०० किलोची. दोन्ही थ्रेडनी ४,२१० वाचलं. पहिल्याने ६,०६० लिहिलं आणि लगेच दुसऱ्याने त्यावर ६,५१० लिहिलं. हवे होते ८,३६०. पहिल्या ट्रॉलीचे १,८५० किलो हिशोबातून गेले, आणि प्रोग्रामने कुठेही एरर दाखवली नाही.

त्या ओळीभोवती लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, घातला असता तर ती चूक तेवढ्यापुरती बुजली असती. पण मुळात "एकूण" या आकड्याला मालकच नव्हता. जो येईल त्याने बदलून जावं असा तो उघड्यावर पडून होता. हा लेख त्या मालकीबद्दल आहे. क्लास, ऑब्जेक्ट, इन्हेरिटन्स कॉलेजात शिकून झालेत आणि आता प्रोग्राम अनेक कोअरवर (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांवर) किंवा अनेक मशीनवर चालवायचा आहे, अशा धुळे-जळगाव-नंदुरबारच्या पोरापोरींसाठी तो लिहिला आहे. भाषा जावा असो, पायथॉन असो की सी प्लस प्लस, क्रम हाच ठेवा.

दोन शब्द आधी. समांतर म्हणजे एकाच मशीनमधले अनेक कोअर एकाच वेळी काम करतात आणि मेमरी सगळ्यांची एक असते. वितरित म्हणजे मशीनच वेगवेगळी, प्रत्येकाची मेमरी आपापली, मध्ये नेटवर्क. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये तिथे 'परम ८०००' हा सुपरकॉम्प्युटर उभा राहिला, तो दुसऱ्या प्रकारातला. प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची मेमरी, आणि एकाला दुसऱ्याकडून काही हवं असेल तर निरोप पाठवायचा. ते चित्र डोक्यात ठेवा. मेमरी एकच असली तरी प्रोग्राम तशाच पद्धतीने मांडला, तर पुढचं निम्मं काम सोपं होतं.

पहिली पायरी: आधी एकट्याने चालवा आणि मोजा

एका थ्रेडवर बरोबर चालणारा प्रोग्राम हातात नसेल तर समांतर काही करू नका. हा साधा प्रोग्राम फेकायचा नसतो. पुढे प्रत्येक चाचणीत खरा आकडा कोणता हे तोच सांगणार आहे.

मग वेळ कुठे जातो ते मोजा. अंदाजाने सांगू नका, प्रोफायलर, म्हणजे कोडच्या कोणत्या भागाला किती वेळ लागतो ते मोजणारं साधन, लावा. १९६७ साली जीन अॅमडाल यांनी मांडलेला हिशोब इथे हातात धरायचा. कामाचा जो भाग एकापाठोपाठ एकच करावा लागतो, तो बाकीच्या वेगाला लगाम घालतो. समजा १० टक्के काम असं आहे. आठ कोअर लावले तर वेग आठपट होत नाही, साधारण ४.७ पट होतो. सोळा लावले तर ६.४ पट. हजारो लावले तरी दहापटीच्या वर जाता येत नाही. म्हणून आठ कोअरचं मशीन विकत घेण्याआधी ते १० टक्के कशात आहेत ते शोधा. बऱ्याचदा ते एका फाइलमध्ये लिहिण्यात किंवा एका सामाईक आकड्यात अडकलेले असतात.

दुसरी पायरी: मालक ठरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबू.

पांझरेच्या काठच्या गावांतली फड पद्धत आपल्याकडच्या अनेकांनी पाहिली किंवा ऐकली आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका हंगामात एका फडात एकच पीक. पाणी कुणाच्या वाफ्यात कधी जाणार हे पाटकरी बघतो, पिकावर नजर जागल्या ठेवतो. शेतकरी स्वतः जाऊन पाटाचं तोंड फोडत नाही. पाणी सगळ्यांचं आहे, पण त्याला हात एकाच माणसाचा लागतो. म्हणून रात्रीच्या पाळीतही शेजारच्या दोन शेतांत पाणी एकमेकांच्या वाटेत येत नाही.

प्रोग्राममध्येही पाटकरी नेमायचा असतो. त्यासाठी वहीत तीन रकाने पाडा आणि तुमच्या प्रत्येक क्लासला त्यातल्या एकाच रकान्यात बसवा.

पहिल्या रकान्यात न बदलणाऱ्या गोष्टी. पावती एकदा फाडली की तिच्यातलं वजन बदलत नाही. चूक झाली तर ती रद्द करून दुसरी फाडतात. आजचा भाव लिहिलेलं दरपत्रक आज बदलत नाही, उद्याचं वेगळं असतं. अशा ऑब्जेक्टची सगळी फील्ड कन्स्ट्रक्टरमध्येच भरा आणि सेटर ठेवू नका. जावात फायनल लावा किंवा रेकॉर्ड वापरा, पायथॉनमध्ये फ्रोझन डेटाक्लास घ्या. एक काळजी मात्र घ्या: न बदलणाऱ्या ऑब्जेक्टच्या पोटात बदलणारी यादी ठेवलीत तर तो न बदलणारा राहत नाही. हे पाळलं की ती पावती हजार थ्रेडना एकदम वाचायला द्या, काही बिघडत नाही.

दुसऱ्या रकान्यात मालक. ज्यांची अवस्था काळानुसार बदलते ते: शेतकऱ्याचं खातं, यार्डातला साठा, दिवसाची बेरीज. प्रत्येकाला एकच मालक-ऑब्जेक्ट, आणि त्या ऑब्जेक्टच्या आत एका वेळी एकच काम.

तिसऱ्या रकान्यात कामकरी. यांना स्वतःची आठवण नसते. वजन आणि भाव दिला की रक्कम काढून देतात, पावतीची फाइल दिली की तपासून देतात. असे कितीही उभे करा. समांतर वेग खरा इथून मिळतो.

एखादा क्लास दोन रकान्यांत बसतोय असं वाटलं, तर तो क्लास फोडायची वेळ आली आहे. माझ्या पहिल्या प्रोग्राममधला "काटा" नावाचा क्लास वजन वाचायचा, रक्कम काढायचा, बेरीज बदलायचा आणि पावती छापायचा. चार कामं, त्यातलं एक मालकाचं, दोन कामकऱ्याची आणि एक प्रिंटरजवळचं. पाठ्यपुस्तकात प्राणी-कुत्रा-मांजर असं शिकल्यामुळे आपण जगातल्या वस्तूंप्रमाणे क्लास पाडतो. समांतर प्रोग्रामला ती पाडणी बऱ्याचदा जुळत नाही. कोणती माहिती एकत्र बदलते, ते बघून क्लास पाडा.

ग्लोबल व्हेरिएबल, स्टॅटिक फील्ड आणि सिंगलटन (प्रोग्रामभर एकच असणारा ऑब्जेक्ट) हे तिन्ही इथे लाल शाईने वेगळे काढा. त्यांना मालक नसतो, हातावर हात मात्र खूप पडतात.

तिसरी पायरी: विचारू नका, सांगा

आता मालकाशी बोलायचं कसं? नवशिक्याचा कोड असा असतो: शिल्लक विचार, ती ५,००० पेक्षा जास्त आहे का बघ, असेल तर ५,००० वजा कर. विचारणं आणि वजा करणं यांच्यामध्ये दुसरा कुणीतरी येऊन पैसे काढून जातो. दोन्ही मेथडना वेगवेगळा लॉक लावलात तरी ती फट उरतेच, कारण फट दोन मेथडच्या मध्ये आहे.

त्याऐवजी मालकाला पूर्ण काम सांगा: "५,००० उचल दे, पुरत नसेल तर नाही म्हण." तपासणं आणि बदलणं दोन्ही मालकाच्या घरात, एका दमात. गेटर-सेटरचा ढीग असलेला क्लास दिसला की समजा, त्याच्यातला निर्णय दुसराच कुणीतरी बाहेर बसून घेतो आहे.

याच विचाराला पुढे नेलं की मेथड कॉलची जागा मेसेज घेतो. प्रत्येक मालकापुढे एक टपालपेटी. ज्याला काही सांगायचंय तो चिठ्ठी टाकून आपल्या कामाला निघून जातो. मालक एकेक चिठ्ठी काढतो, पूर्ण करतो, मग पुढची उचलतो. आपल्या खात्याचं उदाहरण असं दिसेल:

मालक खाते:
    शिल्लक = ०
    नोंदलेल्या = रिकामा संच

    "पावती जमा" ही चिठ्ठी आली की:
        पावतीचा क्रमांक नोंदलेल्यात असेल तर
            "आधीच नोंदली" असं उत्तर दे आणि थांब
        शिल्लक = शिल्लक + पावतीची रक्कम
        क्रमांक नोंदलेल्यात टाक
        "जमा झाली" असं उत्तर दे

    "उचल" ही चिठ्ठी आली की:
        शिल्लक कमी पडत असेल तर "नाही" असं उत्तर दे आणि थांब
        शिल्लक = शिल्लक − मागितलेली रक्कम
        "दिली" असं उत्तर दे

यात एकही लॉक नाही, आणि शिल्लक = शिल्लक + रक्कम ही तीच जुनी ओळ आता निर्धोक आहे, कारण तिला हात लावणारा एकच आहे. नोंदलेल्या क्रमांकांचा संच कशाला, ते पुढे नेटवर्कपाशी आल्यावर सांगतो.

ही कल्पना जुनी आहे. कार्ल ह्युइट आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये तिला अॅक्टर असं नाव दिलं. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८० च्या दशकात जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या साथीदारांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी अर्लांग ही भाषा घडवली, तिचा सगळा डोलारा अशाच एकमेकांना निरोप पाठवणाऱ्या छोट्या प्रोसेसवर आहे. ऑब्जेक्ट हा शब्द रूढ करणारे अॅलन के तर पुढेही सांगत राहिले की ऑब्जेक्टपेक्षा त्यांच्यातले निरोप जास्त महत्त्वाचे आहेत. म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड शिकलेल्या माणसाला इथे काही परकं शिकायचं नाहीये.

टपालपेटीला मर्यादा घाला, हे विसरू नका. यार्ड भरलं की जिनिंगवाले फाटक बंद करतात आणि ट्रॉल्या बाहेर थांबतात. तुमची रांग अमर्याद असेल तर ती मेमरी भरेपर्यंत वाढते आणि मग सगळा प्रोग्रामच कोसळतो. दहा हजार चिठ्ठ्या झाल्या की पाठवणाऱ्याला थांबवा.

लॉक लागलाच तर

काही ठिकाणी लॉक लागतो. एकाच मशीनवर, छोट्या गोष्टीसाठी, पटकन घेऊन पटकन सोडायचा असेल तर तो वाईटही नाही. दोनच पथ्यं पाळा.

पहिलं, दोन लॉक घ्यायचे असतील तर क्रम ठरलेला हवा. बापाच्या खात्यातून लेकाच्या खात्यात आणि त्याच वेळी लेकाच्या खात्यातून बापाच्या खात्यात पैसे वळवायला घेतले, तर एका थ्रेडने बापाचं खातं धरलेलं असतं, दुसऱ्याने लेकाचं, आणि दोघंही दुसऱ्याची वाट बघत राहतात. अरुंद फरशी पुलावर दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले आणि दोघांच्याही मागे रांग लागली, तशी गत. उपाय एवढाच: लहान खातेक्रमांकाचा लॉक नेहमी आधी घ्यायचा, पैसे कुठूनही कुठेही जात असोत.

दुसरं, लॉकचा कोड इन्हेरिटन्सच्या झाडात पेरू नका. मूळ क्लासमध्ये लॉक लिहिले आणि खालच्या क्लासने एक नवी मेथड जोडली, की बऱ्याचदा वरच्या सगळ्या मेथड पुन्हा लिहाव्या लागतात. सातोशी मात्सुओका आणि अकिनोरी योनेझावा यांनी १९९३ मध्ये याचं नीट विश्लेषण केलं, आणि इन्हेरिटन्स अॅनोमली या नावाने ते ओळखलं जातं. म्हणून हिशोब करणारा साधा क्लास वेगळा ठेवा, त्याला थ्रेडचं नावही माहीत नको. त्याच्याभोवती टपालपेटीवाला मालक वेगळा. साधा क्लास चाचणीलाही सोपा पडतो.

चौथी पायरी: काम किती बारीक फोडायचं

रावेर-सावद्याकडे केळीची गाडी भरताना कुणी एकेक घड वेगळ्या गाडीने पाठवत नाही. प्रत्येक मेसेजला, प्रत्येक थ्रेडला भाडं पडतं. दोन आकड्यांच्या बेरजेसाठी मेसेज पाठवलात तर भाडं मालापेक्षा जास्त होतं. एक लाख पावत्या तपासायच्या असतील तर हजार-हजारच्या शंभर गठ्ठ्यांपासून सुरुवात करा आणि मोजून कमी-जास्त करा.

पण आठ कोअर आहेत म्हणून बरोबर आठच गठ्ठे करणंही चुकतं. एखादा गठ्ठा जड निघाला की सात कोअर हातावर हात धरून आठव्याची वाट बघतात. इलिनॉय विद्यापीठातल्या लक्ष्मीकांत काळे यांच्या गटाने घडवलेली चार्म प्लस प्लस ही प्रणाली याच विचारावर उभी आहे. प्रोसेसर जितके, त्यापेक्षा कितीतरी जास्त ऑब्जेक्ट करायचे, ते एकमेकांना मेसेज पाठवतील, आणि कोणता ऑब्जेक्ट कोणत्या प्रोसेसरवर बसवायचा हे रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालवणारी यंत्रणा, ठरवेल. भार एकीकडे वाढला तर ऑब्जेक्ट उचलून दुसरीकडे नेईल. प्रथिनांच्या रेणूंच्या हालचालींचं गणित करणारा एनएएमडी हा मोठ्या सुपरकॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्राम त्यावरच बांधलेला आहे. आपल्या आठ कोअरच्या मशीनलाही हेच लागू: कोअरच्या आठ-दहा पट गठ्ठे करा.

मालकांची वाटणी कशावर करायची, यात मी एकदा फसलो. खाती तालुक्याप्रमाणे वाटली: चोपडा एका थ्रेडकडे, पारोळा दुसऱ्याकडे, अमळनेर तिसऱ्याकडे. वहीत छान दिसलं. हंगामात जवळच्या एकाच तालुक्याच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या होत्या आणि बाकीचे थ्रेड रिकामे. खातेक्रमांकाचा हॅश (ठरलेल्या सूत्राने काढलेला विखुरलेला आकडा) काढून वाटणी केल्यावर भार सारखा झाला. माणसाला समजणारी विभागणी आणि मशीनला परवडणारी विभागणी एकच असेल असं धरून चालू नका.

दिवसाची एकूण बेरीज एकाच मालकाकडे ठेवली तर प्रत्येक पावती त्याच्या दारात येते आणि तिथे रांग लागते. त्यापेक्षा प्रत्येक थ्रेडने आपली आपली बेरीज ठेवावी, तिचा मालक तोच, आणि शेवटी, किंवा दर मिनिटाला, त्या बेरजा एकत्र कराव्यात. बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी तीच येते म्हणून हे चालतं. सर्वात मोठा आकडा, मोजणी, संच एकत्र करणं यांनाही चालतं. सरासरी मात्र थेट जोडता येत नाही. बेरीज आणि मोजणी दोन्ही पाठवा, भागाकार शेवटी करा. आणखी एक: दशांश चिन्हाच्या फ्लोट संख्यांची बेरीज क्रम बदलला की शेवटच्या अंकात हलते. वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा. नाहीतर मुनीमजींचा फोन पुन्हा येईल.

पायथॉनवाल्यांसाठी थोडं वेगळं. नेहमीच्या पायथॉनमध्ये जीआयएल नावाचा एक मोठा लॉक असतो, तो एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉनचा कोड चालवू देतो, त्यामुळे निव्वळ गणिताचं काम थ्रेडमध्ये वाटूनही वेग वाढत नाही. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत त्या लॉकशिवायचा प्रयोगात्मक प्रकार आला, पण सध्या शिकताना मल्टिप्रोसेसिंग (थ्रेडऐवजी आपापली मेमरी असलेल्या वेगवेगळ्या प्रोसेस चालवणारी सोय) वापरा. तिथे ऑब्जेक्ट दुसऱ्या प्रोसेसला दिला की त्याची प्रत जाते. प्रतीत केलेला बदल मूळ ऑब्जेक्टमध्ये दिसत नाही, आणि "मी शिल्लक वाढवली तरी ० का दाखवतो" असा प्रश्न प्रत्येकाला एकदा पडतो. उत्तर परत पाठवावं लागतं. हे गैरसोयीचं वाटतं, पण वितरित प्रोग्रामची ही चांगली तालीम आहे. जावा २१ मधले व्हर्च्युअल थ्रेड नेटवर्क किंवा डिस्कची वाट बघणाऱ्या कामांसाठी आहेत. गणिताला कोअर जितके, तितकेच थ्रेड पुरतात.

पाचवी पायरी: मशीनची हद्द ओलांडताना

इथे ऑब्जेक्ट ओरिएंटेड माणूस सगळ्यात जास्त फसतो. दूरच्या मशीनवरच्या ऑब्जेक्टची मेथड जवळच्यासारखीच दिसावी, अशी सोय कोर्बा या जुन्या मानकाने आणि १९९७ च्या जावा आरएमआय या तंत्राने दिली होती. दिसायला ती फार गोड. पण सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जिम वॉल्डो आणि तीन सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच लिहून ठेवलं होतं की जवळचा आणि दूरचा ऑब्जेक्ट सारखा मानून चालणार नाही. वेग वेगळा, मेमरी वेगळी, अर्धवट बिघाड वेगळा.

वेगाचा हिशोब हाताने करून बघा. मेमरीतून एक आकडा आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. जळगावहून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत सुमारे ४०० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान ४ मिलिसेकंद, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त. आता दहा हजार पावत्या, प्रत्येकीचं वजन, भाव आणि खातेक्रमांक तीन गेटरने मागवलेत: तीस हजार फेऱ्या, नुसत्या अंतरापायी दोन मिनिटं. त्याच पावत्या एका गठ्ठ्यात मागवल्या तर एका फेरीत काम होतं. म्हणून मशीनच्या हद्दीवरचे इंटरफेस ठसठशीत ठेवा: "या तारखेच्या सगळ्या पावत्या दे", "हा गठ्ठा नोंदव".

काय पाठवताय तेही बघा. पावतीत शेतकरी ऑब्जेक्टचा रेफरन्स, शेतकऱ्यात त्याच्या सगळ्या पावत्यांची यादी, त्या पावत्यांत गाडीमालक. एक पावती पाठवायला गेलात आणि मागून अख्खं गाव तारेवर चढलं, असं होतं. तारेवरून जाणाऱ्या मेसेजसाठी वेगळा सपाट क्लास करा, त्यात रेफरन्सऐवजी फक्त क्रमांक. मेसेजला आवृत्तीचा आकडा द्या, कारण सगळी मशीन एकाच दिवशी अपडेट होत नाहीत. आणि पायथॉनचा पिकल (ऑब्जेक्ट जसाच्या तसा साठवायचा प्रकार) अनोळखी मशीनकडून आलेला कधीही उघडू नका. तो उघडताना त्यातला कोड चालू शकतो. जेसन हा साध्या मजकुराचा प्रकार बरा.

आता अर्धवट बिघाड. काट्यावरून पावती मुख्य सर्व्हरला पाठवली आणि तेवढ्यात लाइट गेली, राउटर बंद. उत्तर आलं नाही. पावती पोचली नाही, की पोचली आणि उत्तर वाटेत हरवलं? काट्यावर बसलेल्या मशीनला हे कळायचा कोणताही मार्ग नाही. पुन्हा पाठवली नाही तर शेतकऱ्याचे पैसे बुडू शकतात. पुन्हा पाठवली तर दोनदा जमा होऊ शकतात. म्हणून प्रत्येक पावतीला काट्यावरच एक कायमचा क्रमांक द्यायचा, काट्याचं नाव धरून, म्हणजे दोन काट्यांचे क्रमांक भिडणार नाहीत. उत्तर येईपर्यंत तीच पावती त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवत राहायची, आणि मालकाने आधी नोंदलेला क्रमांक ओळखून दुसऱ्यांदा काहीच न करता "आधीच नोंदली" म्हणायचं. तिसऱ्या पायरीतला तो संच यासाठी होता. शिल्लक आणि संच दोन्ही डिस्कवर एकाच व्यवहारात लिहा. मध्येच मशीन बंद पडून एक लिहिलं गेलं आणि दुसरं राहिलं, तर सगळी तजवीज फुकट.

पुन्हा पाठवताना दर वेळी थांबायचा वेळ वाढवा: एक सेकंद, दोन, चार. लाइट आली की दहा काटे एकदम सर्व्हरवर तुटून पडू नयेत.

कोणती पावती आधी, हे दोन मशीनच्या घड्याळांवरून ठरवू नका. घड्याळं पुढे-मागे असतातच. लेस्ली लँपोर्ट यांनी १९७८ मध्ये यावर दाखवलेली वाट आजही पहिली शिकवतात: वेळेऐवजी क्रमाचे आकडे चालवा. आपल्यासारख्या प्रोग्रामला तर मालकाने पावती स्वीकारताना दिलेला चढता आकडाही पुरतो.

सहावी पायरी: मुद्दाम बिघडवा

समांतर प्रोग्राम एकदा बरोबर चालला, याचा अर्थ फारसा काही होत नाही. माझा जिनिंगचा प्रोग्राम दोन-तीन दिवस बरोबरच चालायचा.

एक लाख खोट्या पावत्या तयार करा, रँडमचं बीज ठरवून, म्हणजे पुन्हा तशाच मिळतील. पहिल्या पायरीतल्या साध्या प्रोग्रामने त्यांची बेरीज आणि प्रत्येक खात्याची शिल्लक काढून ठेवा. मग त्याच पावत्या वेगवेगळ्या क्रमाने, एक, दोन, चार, आठ कामकऱ्यांवर चालवा. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये मुद्दाम काही मिलिसेकंदांची झोप पेरा. दोन-तीन दिवसांतून एकदा दिसणारी चूक मग दोन मिनिटांत दिसते. प्रत्येक पाचवी पावती दोनदा पाठवा.

नंतर कॉलेजच्या लॅबमधली तीन-चार जुनी मशीन मागून घ्या. एकावर मालक, बाकीच्यांवर काटे. चालू असताना एका काट्याची नेटवर्क केबल ओढून काढा, अर्ध्या मिनिटाने परत लावा. मग मालकाच्या मशीनचं बटण दाबून ते सरळ बंद करा आणि पुन्हा सुरू करा. शेवटी एकूण वजन साध्या प्रोग्रामच्या आकड्याशी ग्रॅमपर्यंत जुळलं पाहिजे, आणि कोणतीही पावती दोनदा दिसता कामा नये. एका ग्रॅमचाही फरक आला तर कामकरी वाढवू नका, दुसऱ्या पायरीतली वही उघडा आणि मालक नसलेला आकडा शोधा. जुळलं की आठाचे सोळा करा आणि वेळ पुन्हा मोजा.